यदृच्छाशब्द आणि जातिशब्द : मुष्टियोद्ध्यांच्या नावांचे वाचन

पतंजलीने महाभाष्यात शब्दांची चतुर्विध प्रवृत्ती सांगितली, ती जातिशब्द, गुणशब्द, क्रियाशब्द आणि यदृच्छाशब्द अशी. यांतला चौथा वर्ग विशेषनामांचा. ‘डित्थ’ हे त्याचे उदाहरण पुढील साहित्यशास्त्राने इतके वापरले की, या नावाला स्वतःचा असा काही अर्थ नाही हाच त्याचा अर्थ होऊन बसला. बोलणाऱ्याने स्वेच्छेने एखाद्या व्यक्तीवर बसवलेली संज्ञा त्या व्यक्तीच्या कोणत्याही धर्माशी बांधील नसते, अशी ही भूमिका आहे. १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात जॉन स्टुअर्ट मिल जवळपास याच निष्कर्षाला आला : विशेषनाम व्यक्तीचा निर्देश करते, तिचा कोणताही गुण सूचित करीत नाही. याच्या नेमकी उलट बाजू क्लोद लेव्ही-स्ट्रॉसने १९६२ मध्ये मांडली. नाव देणारा एकतर दुसऱ्याचे वर्गीकरण करीत असतो किंवा स्वतःचे, असे त्याचे म्हणणे होते.

मराठी वाचकाचा कल या दोहोंपैकी कोणीकडे असेल हे सांगायला नको. ‘आडनाव काय?’ या प्रश्नाच्या पोटात दुसराच प्रश्न असतो, आणि विचारणारा व विचारला जाणारा या दोघांनाही तो ऐकू येतो. आडनावावरून गाव, व्यवसाय, जात ताडण्याची ही सवय इतकी मुरलेली आहे की, नाव म्हणजे वंशाची साठवण आणि ती उघडून पाहिली की आत वारसा सापडतो, हे गृहीत धरूनच चरित्रलेखन आणि पुष्कळदा समीक्षाही चालते. अमेरिकेतील व्यावसायिक मुष्टियुद्धाचा इतिहास या गृहीताची कसून परीक्षा घेतो. तेथे नाव मोठ्या अक्षरांत भिंतीवर चिकटवले जात होते आणि त्यावर तिकिटे खपत होती. पोटार्थी माणसाने कोणते नाव घेतले, कोणते टाकले आणि वृत्तपत्रांनी त्याला कोणते चिकटवले, याचा हिशेब इतक्या उघडपणे मांडलेला फार थोड्या व्यवसायांत आढळतो.

या प्रथेची मुळे इंग्लंडमध्ये आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस उघड्या मुठींनी लढणारा डॅनिएल मेंडोझा ‘मेंडोझा द ज्यू’ या नावाने रिंगणात उतरत असे. हे बिरुद जोडण्याची गरज का पडावी? कारण मेंडोझा हे आडनाव मुळात ज्यू नाही. ते बास्क प्रदेशातील ग्रामनाम आहे आणि स्पेनमधल्या एका बलाढ्य सरदार घराण्याचेही नाव आहे. सक्तीच्या धर्मांतरांच्या काळात इबेरियन द्वीपकल्पातील अनेक ज्यू कुटुंबांनी ख्रिस्ती आडनावे घेतली. त्यांतली जी पुढे अ‍ॅम्स्टरडॅम किंवा लंडनला जाऊन उघडपणे आपल्या धर्माकडे परतली, त्यांनी ती आडनावे टाकली नाहीत. अशा आडनावात लपण्याचा इतिहास होता, तर ‘द ज्यू’ या जोडशब्दात ते लपणे संपल्याची घोषणा होती. १७८८ ते १७९० या काळात रिचर्ड हम्फ्रीजशी मेंडोझाच्या तीन लढती झाल्या. पहिली तो हरला, नंतरच्या दोन जिंकला. हम्फ्रीजच्या बाजूने पैसा लावणाऱ्याच्या तोंडी ‘ज्यू’ हा शब्द शिवी असणार, मेंडोझाच्या स्वधर्मीयांच्या तोंडी अभिमान असणार आणि आयोजकाच्या हिशेबात ती निव्वळ गर्दीची हमी असणार. एकाच शब्दाची ही तिहेरी व्यंजना पुढे दीडशे वर्षे या व्यवसायाला पुरली.

अमेरिकेत मात्र प्रारंभी वेगळे घडले. तेथे नावाने वंश जाहीर करण्याऐवजी दुसऱ्याचा वंश पांघरला जाऊ लागला, आणि तो दुसरा म्हणजे आयरिश. १८४५ नंतरच्या दुष्काळाने अमेरिकेच्या किनाऱ्यावर आणून सोडलेल्या या समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुष्टियुद्धावर जवळजवळ मक्तेदारी मिळवली होती. ‘बॉस्टन स्ट्राँग बॉय’ जॉन एल. सलिव्हन आणि १८९२ मध्ये न्यू ऑर्लिन्सला त्याला हरवणारा ‘जंटलमन जिम’ कॉर्बेट हे दोघेही आयरिश स्थलांतरितांचे मुलगे. नंतर आलेल्या इटालियन, ज्यू, पोलिश, लिथुआनियन मुलांना रिंगणात शिरायचे तर या दारातूनच शिरावे लागे. आयरिश नाव हा वंशवाचक शब्द न उरता व्यवसायवाचक शब्द झाला. ‘सुतार’ किंवा ‘लोहार’ म्हणावे तसा ‘केली’ किंवा ‘कॅलाहन’ म्हणजे ठोसे मारणारा. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मिडलवेट गटाचे विजेतेपद मिळवणारा अल मकॉय हा वास्तविक अलेक्झांडर रुडॉल्फ. १९२६ मध्ये ज्युनिअर वेल्टरवेट विजेता झालेला मशी कॅलाहन हा व्हिन्सेंट मॉरिस शीअर. हे दोघेही ज्यू.

गंमत अशी की, ज्या आयरिश नावांची ही उसनवारी चालली, ती नावेही पुष्कळदा मूळ मालकाची नव्हती. किल्डेअर परगण्यात जन्मलेल्या जॉन केलीने ‘जॅक डेम्प्सी’ हे नाव घेऊन मिडलवेट गट गाजवला. लोक त्याला ‘नॉनपरेल’, म्हणजे अद्वितीय, म्हणत. तो १८९५ मध्ये वारला. त्याच वर्षी कोलोरॅडोतील मनासा गावी विल्यम हॅरिसन डेम्प्सी जन्मला. त्याने पुढे त्या अद्वितीय डेम्प्सीचे ‘जॅक’ उचलले आणि १९१९ मध्ये तो हेवीवेट विजेता झाला. बिंगहॅम्टनमधल्या लिथुआनियन आईबापांचा मुलगा जोसेफ पॉल झुकाउस्कस याला स्वतःसाठी नाव हवे होते तेव्हा त्याने या डेम्प्सीचे ‘जॅक’ घेतले, जुन्या आयरिश हेवीवेट टॉम शार्कीचे आडनाव घेतले, आणि १९३२ मध्ये जॅक शार्की जगज्जेता ठरला. लिथुआनियन मुलाचे ‘जॅक’ असे दोन हातांतून फिरत आलेले होते. ‘डित्थ’ म्हणणाऱ्या शास्त्रकाराची येथे पंचाईत होईल. हे नाव स्वेच्छेने घेतलेले आहे, म्हणून ते यदृच्छाशब्द. पण घेणाऱ्याची इच्छा नेमकी एका वर्गात बसण्याची आहे, म्हणून तो जातिशब्दही. आणि ती जाती त्याची नाही.

वेल्टरवेट गटाच्या विजेतेपदाचा १९३३ ते १९३८ हा पाच वर्षांचा प्रवास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. २२ फेब्रुवारी १९३३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जॅकी फील्ड्सकडून ते यंग कॉर्बेट तिसरा याने हिसकावले. केवळ नावांची यादी वाचणारा याला दोन इंग्रजीभाषक अमेरिकनांची लढत समजेल. वस्तुतः फील्ड्स म्हणजे शिकागोच्या ज्यू वस्तीतला जेकब फिंकेलस्टाइन, १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधला सुवर्णपदकविजेता. यंग कॉर्बेट तिसरा हा इटलीत जन्मलेला राफाएले जोर्दानो. पहिला कॉर्बेट म्हणजे जंटलमन जिम, दुसरा ‘यंग कॉर्बेट’ म्हणजे विल्यम रॉथवेल, ज्याने १९०१ मध्ये टेरी मगव्हर्नला हरवले होते, हा तिसरा. राजघराण्यात शोभावा असा हा अनुक्रम, फक्त रक्ताचा संबंध कुठेच नाही. कॉर्बेटने तीनच महिन्यांत, २९ मे १९३३ रोजी, लॉस एंजलिसमध्ये पहिल्याच फेरीत विजेतेपद गमावले, ते जिमी मक्लार्निनकडे. हा खरोखर आयर्लंडमध्ये जन्मलेला होता. म्हणजे जोर्दानोने कॉर्बेट होऊन जे वलय उसने घेतले, ते जन्माने लाभलेल्या माणसाकडूनच तो हरला. एका वर्षाने, २८ मे १९३४ रोजी, मक्लार्निनला बार्नी रॉसने हरवले. सप्टेंबरात मक्लार्निनने परतफेड केली आणि १९३५ च्या मे महिन्यात रॉसने ते कायमचे परत घेतले. रॉस म्हणजे डोव्ह-बेर रासोफ्स्की. त्याचे वडील धर्मग्रंथांचे व्यासंगी आणि शिकागोतले किराणा दुकानदार होते. १९२३ मध्ये दरोडेखोरांनी त्यांना गोळी घालून मारले. शेवटी ३१ मे १९३८ रोजी रॉसला हरवणारा हेन्री आर्मस्ट्राँग हा मिसिसिपीत जन्मलेला कृष्णवर्णीय हेन्री जॅक्सन. एक विजेतेपद, पाच माणसे; त्यांतला एकटा मक्लार्निन जन्मदत्त आडनावाने लढला, कारण ते नाव आधीच बाजाराला हवे तसे होते.

या नामांतरांमागे एकच कारण शोधणे चुकीचे होईल. घरच्यांपासून लपणे हे एक कारण होते. ज्यू घरांत मुलाने पैशासाठी मारामारी करावी ही शरमेची गोष्ट होती, आणि वृत्तपत्रातल्या निकालात वडिलांनी स्वतःचे आडनाव वाचू नये म्हणून अनेक मुलांनी पहिली लढत दुसऱ्या नावाने लढली. बेंजामिन लायनरचा बेनी लेनर्ड होण्यामागे हेच भय सांगितले जाते. निवेदकांना न उच्चारता येणारी नावे हे दुसरे कारण, आणि ते वाटते तितके निरागस नाही. कोणता उच्चार कठीण हे कोणाच्या जिभेला प्रमाण मानायचे यावर ठरते.

परंतु लेनर्डच्या कारकिर्दीतच वारे फिरले. २८ मे १९१७ रोजी त्याने लाइटवेटचे विजेतेपद मिळवले. हरणारा फ्रेडी वेल्श हा वेल्समधल्या पॉन्टिप्रिडचा फ्रेडरिक हॉल थॉमस. त्याने परदेशात लढताना आपल्या देशाचेच आडनाव करून टाकले होते. १९२५ पर्यंत लेनर्डने विजेतेपद राखले, आणि तोवर न्यू यॉर्कमधल्या ज्यू वस्त्यांतून येणारा प्रेक्षक इतका वाढला होता की वंश लपवण्यापेक्षा दाखवणे फायद्याचे ठरू लागले. आडनाव बदलून झालेले होते. ते पुन्हा बदलता येत नव्हते. मग जे आडनावाने झाकले, ते टोपणनावाने उघडे केले. लेनर्डला ‘घेट्टो विझर्ड’ म्हणू लागले. सिसिलीत जन्मलेला ज्युसेप्पे कारोरा रिंगणात जॉनी डंडी या स्कॉटिश नावाने लढत होता. वृत्तपत्रांनी त्याला ‘स्कॉच वॉप’ केले. ‘वॉप’ ही इटालियनांना दिली जाणारी शिवी. डंडी या नावाने कोणी फसले नव्हते, हे या दोन शब्दांवरून कळते. बुरखा आहे हे सर्वांना ठाऊक आहे आणि तो कोणी घातला आहे हेही ठाऊक आहे, अशा अवस्थेत नाव हे असत्य राहत नाही. तो प्रेक्षकाशी केलेला संकेत होतो. मक्लार्निनने एकामागून एक ज्यू मुष्टियोद्ध्यांना हरवले तेव्हा त्याला ‘हिब्रू स्कर्ज’, ज्यूंचा काळ, हे बिरुद मिळाले. म्हणजे एकाचे टोपणनाव दुसऱ्यांच्या वंशावरून! त्या बिरुदात मक्लार्निनच्या कुळाविषयी एक अक्षर नाही, पण त्याच्या तिकिटखिडकीविषयी सर्व काही आहे.

आडनाव बदलले नाही तरी ते पूर्ण साक्ष देते असे नाही. ८ जून १९३३ रोजी यांकी स्टेडियममध्ये मॅक्स बेअरने जर्मन मॅक्स श्मेलिंगला हरवले, तेव्हा त्याच्या अर्ध्या विजारीवर डेव्हिडचा तारा शिवलेला होता. हिटलर सत्तेवर येऊन जेमतेम चार महिने झाले होते. बेअरचे आजोबा ज्यू होते, आई स्कॉच-आयरिश वंशाची. आडनाव जे निश्चितपणे सांगत नव्हते ते कापडाने सांगितले, आणि त्याचा वारसा होता त्याहून अधिक सांगितले. उलट बाजूचे उदाहरण आपल्या काळातले. कझाकस्तानातील कारागांडा येथे १९८२ मध्ये जन्मलेल्या गेन्नादी गोलोव्किनचे आडनाव रशियन, ते वडिलांकडून आलेले. त्याची आई कोरियन वंशाची. पितृवंशाच्या नोंदवहीत आईचा रकाना नसतो, ही गोष्ट आडनावांवरून वंश ठरवणारे अभ्यासक सहज विसरतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रॉक्टनच्या रोक्को मार्केजानोला त्याच्या मॅनेजरने ‘रॉकी मॅक’ हे नाव सुचवले, पण त्याने ते नाकारले आणि मधला अवघड भाग गाळून ‘मार्सियानो’ हे इटालियन वाटणारेच नाव ठेवले. मार्केजानो म्हणजे मार्के प्रांताचा रहिवासी, आपल्या ‘कर’प्रत्ययान्त आडनावांच्या जातकुळीतले. १९५२ मध्ये तो हेवीवेट विजेता झाला तोपर्यंत इटालियन आडनाव लपवण्याजोगे राहिले नव्हते. गोऱ्या स्थलांतरितांच्या बाबतीत नावाचे हे नाट्य येथे जवळपास संपते.

कृष्णवर्णीयांच्या बाबतीत ते कधी या रीतीने सुरूच झाले नव्हते. झुकाउस्कस शार्की होऊ शकला, कारण कातडी त्याच्या नव्या नावाच्या विरोधात साक्ष देत नव्हती. कृष्णवर्णीय योद्ध्याचे आडनाव बहुधा पहिल्यापासूनच ब्रिटिश वळणाचे होते : जॉन्सन, जॅक्सन, विल्स, बॅरो. ते सर्वच गुलामांच्या मालकांकडून आले असे सरसकट म्हणता येत नाही. १८६५ नंतर अनेकांनी आपली आडनावे स्वतः निवडली. परंतु आफ्रिकेतील कोणत्याही वंशाची खूण त्यांत नव्हती. आडनाव मुके होते, म्हणून वंश सांगण्याचे सगळे काम बिरुदावर पडले. इंग्लंडमध्ये बिल रिचमंड ‘ब्लॅक टेरर’ होता, टॉम मॉलिनोला ‘मूर’ म्हणत. पीटर जॅक्सन ‘ब्लॅक प्रिन्स’ झाला. आणि जो लुई बॅरो आपले आडनाव गाळून जो लुई झाला, तेव्हा वृत्तपत्रांनी ‘ब्राउन बाँबर’ लिहून त्या रिकाम्या जागी रंग भरला. हे बिरुद कौतुकाचे आहे, द्वेषाचे नाही, हे खरे. तथापि गोऱ्या विजेत्याच्या बिरुदात त्याचे गाव येते, बॉस्टन, मनासा किंवा ब्रॉक्टन, आणि काळ्या विजेत्याच्या बिरुदात त्याचा वर्ण येतो, ही विषमता कौतुकाने भरून निघत नाही. ‘गॅल्व्हस्टन जायंट’ म्हटला जाणारा जॅक जॉन्सन याला अपवाद दिसतो. पण त्याच्या वेळी वर्णाचा शब्द प्रतिस्पर्ध्यासाठी राखून ठेवला गेला. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत जॉन्सनने टॉमी बर्न्सला हरवल्यावर सुरू झालेला शोध ‘ग्रेट व्हाइट होप’चा होता. हा बर्न्स, ज्याच्या पराभवाने गोऱ्यांचा मान गेला असे मानले गेले, तो कॅनडातल्या हॅनोव्हरचा नोआ ब्रुसो. गौरवंशाच्या त्या प्रतिनिधीचे नावही उसनेच होते.

कृष्णवर्णीय योद्ध्यांमध्येही नावांची देवघेव होती, पण तिचा हेतू निराळा होता. न्यू जर्सीच्या आर्नल्ड क्रीमने ‘बार्बेडोसचा’ म्हणून गाजलेल्या जुन्या वेल्टरवेट विजेत्या जो वॉलकॉटचे नाव आदराने घेतले आणि ‘जर्सी जो वॉलकॉट’ या नावाने तो १९५१ मध्ये हेवीवेट विजेता झाला. येथे बुरखा नाही. गायकाने घराण्याचे नाव लावावे तसे हे आहे. याच वॉलकॉट नावाचा दुसरा प्रवास हेमिंग्वेच्या ‘फिफ्टी ग्रँड’ (१९२७) या कथेत आहे. तिच्यातला आयरिश विजेता जॅक ब्रेनन आपल्या गोऱ्या प्रतिस्पर्ध्याला, त्याने घेतलेले वॉलकॉट हे नाव एका काळ्या माणसाचे असल्याची आठवण देऊन डिवचतो. या कथेची चर्चा बहुधा पैज आणि विश्वासघात यांभोवती होते. नावावरचा हा टोमणा समीक्षकांनी वंशद्वेषाचा तपशील म्हणून बाजूला ठेवला, आणि त्यामुळे हेमिंग्वेने केवढी नेमकी नोंद केली आहे हे निसटले : नाव कोणीही घेऊ शकतो, पण घेतलेल्या नावाचे कूळ दुसरा काढू शकतो. क्लिफर्ड ओडेट्सच्या ‘गोल्डन बॉय’ (१९३७) या नाटकाचा नायक व्हायोलिन सोडून रिंगणात उतरणारा इटालियन तरुण जो बोनापार्ट आहे. ओडेट्स स्वतः ज्यू स्थलांतरितांचा मुलगा. त्याने आपल्या समाजाचा पेच शेजारच्या समाजाला दिला. १९६४ मध्ये या नाटकाचे संगीत रूपांतर सॅमी डेव्हिस ज्युनिअरसाठी झाले, तेव्हा नायक कृष्णवर्णीय झाला आणि त्याचे आडनाव वेलिंग्टन ठेवले गेले. बोनापार्टच्या जागी वेलिंग्टन हा विनोद रंगभूमीला शोभणारा आहे. परंतु काळ्या नायकाला इंग्रज सरदाराचे नाव देताना रूपांतरकारांना जे विनोदी वाटले, त्याचा गंभीर पाठ त्याच वर्षी रिंगणात वाचला जात होता.

२५ फेब्रुवारी १९६४ रोजी कॅशियस मार्सेलस क्ले याने सनी लिस्टनला हरवले. पुढच्या काही दिवसांत आधी ‘कॅशियस एक्स’ आणि मग ६ मार्चला एलायजा मुहम्मद यांनी दिलेले ‘मुहम्मद अली’ हे नाव जाहीर झाले. टाकलेले नाव गुलामीचे, असे अलीचे म्हणणे होते. त्यावर दिले जाणारे उत्तर असे की, मूळचा कॅशियस मार्सेलस क्ले हा केंटकीतला गोरा जमीनदार गुलामगिरीचा कडवा विरोधक होता, त्याने आपले गुलाम मुक्त केले होते, आणि अलीच्या वडिलांना त्याचे नाव कृतज्ञतेने दिले गेले होते. उत्तर वस्तुस्थितीला धरून आहे, पण आक्षेपाला ते स्पर्श करीत नाही. मुक्त करणाऱ्याचे नाव वागवण्यातही कोणीतरी मुक्त केले याची नोंद वागवावी लागते. अडचण दुसरीकडे आहे. नवे नावही अलीने स्वतः शोधलेले नव्हते. ते एका संघटनेच्या प्रमुखाने बहाल केलेले होते. यदृच्छा म्हणायची ती कोणाची? नावामागची इच्छा ते ठेवणाऱ्याची, हे शास्त्रकारांनी सांगितले. ज्याच्यावर नाव बसते त्याच्या स्वीकाराचा विचार त्या चौकटीत येत नाही. अलीने तो स्वीकार ठोशांनी सिद्ध करायला घेतला. २२ नोव्हेंबर १९६५ रोजी लास वेगासमध्ये फ्लॉइड पॅटरसन आणि ६ फेब्रुवारी १९६७ रोजी ह्यूस्टनमध्ये एर्नी टेरेल हे दोघेही त्याला जाणूनबुजून ‘क्ले’ म्हणत आले होते. हे दोघेही कृष्णवर्णीय होते, हे ध्यानात घ्यायला हवे. टेरेलशी झालेल्या पंधरा फेऱ्यांत अली त्याला मारता मारता आपले नाव विचारत राहिला. या लढतीचे वर्णन क्रूर असे केले जाते आणि ते बरोबर आहे. वंशाची ओळख देणारे किंवा झाकणारे नाव इतका वेळ प्रेक्षकासाठी होते. येथे प्रथमच प्रतिस्पर्ध्याकडून त्याचा उच्चार मागितला जात होता, आणि तोही पैशासाठी नाही. वृत्तपत्रे तरीही कित्येक वर्षे ‘क्ले’ छापत राहिली.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये अलीने सैन्यात भरती होण्याचे नाकारले, त्याचे विजेतेपद काढून घेण्यात आले आणि जूनमध्ये त्याला शिक्षा झाली. ज्या धर्माने त्याला नाव दिले त्याच धर्माच्या आधारे त्याने युद्धाला नकार दिला होता. २८ जून १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती शिक्षा रद्द केली. विधी-अहवालांत तो खटला ‘क्ले विरुद्ध संयुक्त संस्थाने’ या नावाने नोंदलेला आहे.